मिशी असावी

निवृत्त होताना शाळेनं मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. चौतीस वर्षं घंटेच्या तालावर नाचलेल्या बाईला जाताना घड्याळ! मी ते कपाटावर उलटं ठेवून दिलं. पुण्याच्या लेकीला आईची पारख जरा जास्त. तिनं दुर्बीण आणि पक्षी ओळखण्याचं जाडजूड पुस्तक पाठवलं आणि फोनवर दम भरला, "आई, आता शेजाऱ्यांच्या पोरांना शिकवणं बंद कर. पक्षी बघ."

मी शास्त्र शिकवायचे. प्रयोगवहीतल्या आकृत्यांवरून माझं डोकं फार लवकर तापायचं. पोरं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधीच पुस्तकातली आकृती वहीत उतरवून मोकळी व्हायची. मग माझा तोंडाचा पट्टा सुटायचा. "दिसतं ते काढा! पुस्तकातलं पुस्तकवाल्याला दिसलं, त्याचं तो बघून घेईल. तुला काय दिसलं?" एरवी मी प्रमाण भाषेत शिकवायचे आणि राग आला की थेट घरच्या बोलीवर यायचे. त्यामुळं माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना शास्त्रापेक्षा माझी बोलीच जास्त पाठ आहे.

आता त्या पुस्तकाबद्दल. पुस्तकातला पक्षी म्हणजे लग्नासाठी फोटो काढायला बसलेला. मान ताठ, अंग एका बाजूनं, पिसं विंचरलेली, आणि सगळ्यांची तोंडं डावीकडं. खरा पक्षी आपल्याला बूड दाखवतो आणि जातो. पहिले दोन महिने मी फक्त पक्ष्यांची बुडं बघितली, आणि त्या एवढ्या मोठ्या पुस्तकात बुडांचं एकही पान नाही. आकाराची आणखी वेगळी तऱ्हा. 'मैनेपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान.' अहो, यात निम्मे पक्षी बसतात! आवाजाचं वर्णन तर वाचूच नये. 'च्विक-च्विक-चिर्रर्र, शेवटी किंचित खेदानं.' खेदानं! तो आवाज मी एकदा घरात मोठ्यानं काढून बघितला, तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या, "बाई, बरं वाटतंय न्हवं?"

नकाशात प्रत्येक पक्ष्याचा मुलूख रंगवलेला असतो आणि आमचं कोल्हापूर नेमकं रंग संपतो त्या कडेवर येतं. म्हणजे पक्षी असला तर असेल, नसला तर नसेल. एवढं सांगायला पुस्तक कशाला पाहिजे? पण खरं सांगायचं तर मला त्या पुस्तकाचं वेड लागलं. दुपारचं जेवण झालं की पलंगावर पालथं पडून मी नुसती नावं वाचायचे. वेडा राघू. हळदी-कुंकू बदक. धोबी. टिबुकली. गल्लीतल्या माणसांना लाडानं किंवा रागानं नावं पडतात ना, तशी ही नावं. वाचता वाचता तिन्हीसांजा व्हायच्या आणि चहा करायचा राहून जायचा.

बघायला जागा लागते, ती माझ्या घरामागंच होती. आमच्या कॉलनीमागं दगडाची जुनी खण आहे. शहरातल्या जुन्या घरांचा दगड असल्याच खणींतून निघाला. दगड संपला, खड्डा उरला, खड्ड्यात पाणी साठलं, पाण्याच्या कडेनं पाणकणसाचं उंच गवत माजलं आणि काठावर बाभळी वाढल्या. मी पहाटे आवरून साडेसहाला तिथल्या कट्ट्यावर बसायचे, वही उघडायचे आणि हजेरी घ्यायचे. पाणकोंबड्या चार, हजर. टिबुकल्या दोन, पाण्यात बुडी मारून गैरहजर, मग पुन्हा हजर. खंड्या एक, रोज उशिरा, आणि येतानाच आरडाओरडा, अगदी आमच्या पर्यवेक्षकांसारखा. बाभळीवर रातबगळे, करड्या अंगाचे, डोक्यावर काळी टोपी, रात्रपाळी करून आल्यासारखे मान खांद्यात घालून झोपलेले. त्यांच्याकडं मी फारसं बघत नसे. वर्गात झोपलेल्या पोराची काय हजेरी घ्यायची?

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घरात बोलायला कुणी नाही, हे दिवसभर चालून जातं. सकाळी चालत नाही. सकाळी कुणाचं तरी नाव घेऊन 'हजर' ऐकायची मला सवय आहे, आणि ते मला खणीवर मिळत होतं. एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुढं मी जो गाढवपणा केला तो कशासाठी केला हे कळेल.

शहरात पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दर रविवारी ते कुठल्या तरी तळ्यावर जमतं. मी चार-पाच वेळा गेले. एक दातांचे डॉक्टर त्याचे म्होरके. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी एवढी लांब, की तान्ह्या पोरासारखा तो कॅमेरा कडेवर घेऊन फिरतात. पक्षी समोर बसलेला असला तरी ते बघणार कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत. "आला, आला!" म्हणतात ते पक्ष्याबद्दल नव्हे, फोटो आला म्हणून. तिथं प्रत्येकाचा एक आकडा असतो, आजवर किती जाती बघितल्या त्याचा. नमस्कार-चमत्कार नाहीत, भेटल्याबरोबर "किती झाले?" मी पहिल्या दिवशी "सत्तावीस" म्हणाले, तर एक गृहस्थ "होतील, होतील" म्हणत माझ्या पाठीवर हात ठेवायचेच बाकी राहिले होते. कुठला पक्षी कोणता, यावर तासभर हमरीतुमरी चालते. आठ वाजले की मात्र सगळ्यांना एकाच वेळी मिसळ दिसते आणि तिच्या ओळखीबद्दल कधी वाद होत नाही.

डिसेंबरात कॉलनीच्या फलकावर नोटीस लागली. खण भरून तिथं बहुउद्देशीय हॉल बांधायचा. आमचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर पाणी अडवलं, आता बुजवायला निघाले होते. हॉलचे उद्देश कुठले म्हणून विचारलं तर म्हणाले, "लग्न, साखरपुडा, बारसं. आणि झालंच तर योगासनं." महिना संपला की मुरमाचे डंपर येणार होते.

मी म्हणाले, "अहो, तिथं पक्षी आहेत."

"बगळंच हायत की ओ बाई. बगळं काय, रंकाळ्यावर बी हायत. काय विशेष असलं तर सांगा, विचार करू."

त्या रात्री मला झोप लागली नाही. खण गेली तर सकाळी उठून मी काय करणार होते, हे मला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर धुकं होतं. पाणकणसाच्या कडेला एक पक्षी उभा होता. ठेवण बगळ्याची, पण अंग तपकिरी. जाड मान, चोच किंचित वर. जागचा हलेना. मी वहीत लिहिलं : 'तपकिरी. गळ्यापासून पोटापर्यंत उभ्या रेघा. पंखांवर पांढरे ठिपके, थेंबांसारखे. डोळा पिवळसर.' इथवर ठीक होतं. मग मी, चौतीस वर्षांची शास्त्राची बाई, पक्ष्याकडं बघायचं सोडून पुस्तक उघडून बसले.

आणि सापडला की! मोठा तापस. थंडीत उत्तरेकडून येणारा, पाणगवतात लपून बसणारा, आपल्याकडं फार क्वचित दिसणारा. चित्रात चोच वर, अंग तपकिरी, गळ्यावर उभ्या रेघा, अगदी तस्साच. शिवाय चोचीपासून गालावर उतरलेली काळी मिशी. मी घाईघाईनं दुर्बीण लावली, तोवर पक्षी पाणकणसात शिरला होता. मी वहीत खाली लिहिलं : 'मोठा तापस. मिशी असावी.'

'असावी' असं लिहिणाऱ्या पोराची वही मी खिडकीतून भिरकावली असती.

खण भरायचं काम ज्याला मिळालं होतं, तो माझाच जुना विद्यार्थी. एक जेसीबी, दोन डंपर आणि चौकातल्या फ्लेक्सवर नावाखाली 'भावी नगरसेवक'. नाव सांगत नाही, त्याला आपण डंपरवाला म्हणू. मी फोन केला तसा तो अर्ध्या तासात चप्पल दाराबाहेर काढून, हात बांधून माझ्यासमोर उभा. पन्नाशीला आलेला गडी, पण मला बघितलं की अजून हात बांधतो. मी पाहुण्या पक्ष्याचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाई, तुम्ही सोता बगितला?"

"बघितला."

"मग झालं. माझं डंपर येत न्हाईत. दुसऱ्या कुणाचं आलं तर खणीत जातील, मुरमासकट."

दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. एका कोपऱ्यात तो स्वतः, दुसऱ्या कोपऱ्यात गॉगल घातलेले त्याचे अकरा मित्र, आणि मधोमध इंटरनेटवरनं उचललेला तापस, मिशीसकट. वर लिहिलेलं : 'सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्याचे करवीरनगरीत सहर्ष स्वागत!' मी म्हणाले, अरे बाबा, त्याला वाटेत एकही समुद्र लागत नाही. तर म्हणतो, "बाई, फ्लेक्सवर तेवढं चालतंय."

मग काय विचारता! कोल्हापुरात पाहुणा आला की जेवल्याशिवाय हलू द्यायची पद्धत नाही. हा पाहुणा पक्षी आहे ही त्याची अडचण, आमची नव्हे. एक काकू मूठभर ज्वारी घेऊन आल्या. एकानं बाजारातनं मासळी आणली आणि काठावर ओळीनं मांडली, ती मांजरांनी खाल्ली. "पावणं व्हेज हायत का नॉनव्हेज?" असं मला रोज चार जण तरी विचारायचे. सासुरवाडीची माणसं आल्यासारखे लोक नवे कपडे घालून, पोराबाळांना घेऊन येऊन बघायचे. पक्षी पाणकणसात, माणसं काठावर, आणि माणसांच्या तोंडानं अख्खी खण दणाणलेली. स्वागताला हलगी लावायची टूम निघाली तेव्हा मी जे काही बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

सेक्रेटरींनी आपल्या हातानं फलकावरची नोटीस उतरवली. खोटं कशाला बोलू, मला लई गोड वाटलं. भाजीवाली मेथीची जुडी देताना "पक्षीवाल्या बाई" म्हणायला लागली. मंडळातल्या त्या 'होतील, होतील' म्हणणाऱ्या गृहस्थांचा फोन आला, या खेपेला "बाईसाहेब" म्हणून. माझी हजेरी मात्र बिघडली. काठावर एवढी वर्दळ झाली, की चारातल्या दोनच पाणकोंबड्या दिसायला लागल्या. मी वहीत तसं लिहिलं आणि पान उलटलं.

डंपरवाल्यानं काठावर कायमचा फलक लावायचं ठरवलं. रविवारी दहा वाजता अनावरण. "बाई, पक्ष्याची म्हायती चार ओळीत लिवून द्या, तुमच्या शब्दांत." गुरुवारी दुपारी मी पुस्तक घेऊन बसले. तापसाच्या पानावर लिहिण्याजोगं दोनच ओळींचं होतं. म्हटलं बगळ्यांच्या अख्ख्या घराण्याचीच माहिती घालावी, म्हणून एक पान मागं गेले. रातबगळा. हे पान मी कधी वाचलंच नव्हतं, तो बिचारा कायम झोपलेला. पुस्तक धरताना माझा अंगठा नेहमी पानाच्या खालच्या कोपऱ्यावर यायचा. त्या दिवशी चष्मा सावरायला अंगठा उचलला. खाली नखाएवढं चित्र होतं. शेजारी बारीक अक्षरात 'पिल्लू'.

तपकिरी. उभ्या रेघा. पंखांवर पांढरे, थेंबांसारखे ठिपके. माझ्या वहीतलं शब्दाला शब्द. मिशी नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जाऊन बसले. पाहुणे बाभळीच्या खालच्या फांदीवर, तीन काळ्या टोपीवाल्यांच्या शेजारी, मान खांद्यात घालून झोपले होते. मी अर्धा तास दुर्बीण खाली घेतली नाही. मिशी नव्हती. सातासमुद्रापलीकडचा पाहुणा आमच्याच बाभळीवर जन्मलेला, आमच्याच रातबगळ्याचं पोर होता.

त्यानंतर दोन दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. गप्प बसले, आणि फलकाच्या चार ओळी तशाच लिहून दिल्या. कुणाचं काय बिघडतंय? खण वाचली. पक्षी तो पक्षीच. पुस्तकातही चुका असतात. त्या दिवशी दुसराच कुणी असेल, आज दुसराच कुणी आला असेल. चौतीस वर्षांत पोरांच्या तोंडून जेवढी कारणं ऐकली, तेवढी सगळी मी दोन दिवसांत स्वतःला देऊन बघितली. शेवटी एकच आशा उरली. रविवारी सकाळी मंडळ येणार होतं. ती जाणती माणसं, त्यांना लगेच कळेल, ती सांगतील, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

रविवारी मंडळ आलं. पिल्लू बाभळीवर, कोवळ्या उन्हात, मान वर काढून एका बाजूनं बसलं होतं, तोंड डावीकडं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर पक्षी पुस्तकातल्यासारखा बसला, आणि तोही माझी अब्रू काढायला. डॉक्टरांनी पन्नास-साठ फोटो काढले. मी मागं उभी. म्हटलं, आता म्हणतील.

डॉक्टर म्हणाले, "व्वा! मिशी बघितलीत?"

"स्पष्ट!" कुणीतरी म्हणालं.

"डाव्या बाजूला जास्त ठळक आहे."

मी पुढं झाले. "डॉक्टर, ते पंखांवरचे पांढरे ठिपके..."

"पाण्याचे थेंब असतील हो. धुकं आहे ना."

धुकं कुठलं? लख्ख ऊन पडलं होतं. हा माणूस रोज लोकांच्या तोंडात आरसा घालून मोहरीएवढी कीड शोधतो, आणि त्याला ढळढळीत ठिपके दिसेनात! त्यांनी फोन काढला, त्यात काहीतरी टिपलं आणि हात वर करून म्हणाले, "तीनशे पुरे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकानं आपापला फोन काढला. बारा जाणत्या माणसांनी नसलेली मिशी बघितली आणि आकडा एकानं वाढवला. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि लगेच कळलं की ती मिशी मीच त्यांच्या डोळ्यांत घातलेली आहे.

दहाला अनावरण. खुर्च्या, मांडव, रस्त्यापलीकडं हलगी, आणि झाकलेला फलक. दोरी माझ्या हातात दिलेली. डंपरवाला बोलायला उभा राहिला. मला वाटलं आता विकास, निसर्ग वगैरे येईल. तो म्हणाला :

"मी आठवीत हुतो. बाईंनी कांद्याचा पापुद्रा काचंवर ठेवून बगायला सांगितला. मी बगितलंच न्हाई. पुस्तकातल्या पेशी काढल्या, एकदम झकास, विटा रचल्यागत. बाईंनी माज्या काचंत डोळा घातला आणि म्हणाल्या, ह्यात नुसतं हवेचं बुडबुडं हायत, तुला पेशी कुठं दिसल्या? शून्य! सगळ्या वर्गासमोर. मी लई रडलो. दुसऱ्या दिवशी बुडबुडं काढून आणलं. बाईंनी धापैकी धा दिलं. शाळंत मला त्याच्या आदी कधी धा मिळालं न्हाईत, नंतर बी न्हाईत. म्हणून सांगतो मंडळी, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी खण भरून मोकळा झालो असतो. पर ही बाई बगितल्याशिवाय बोलत न्हाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला तो प्रसंग आठवतही नव्हता. अशी शून्यं मी शेकड्यांनी वाटली असतील. मी दोरी सोडली, त्याच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले :

"हा पाहुणा नाही. हे रातबगळ्याचं पिल्लू आहे. मिशी मी बघितली नव्हती. मी चुकले."

एवढंच बोलले. मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. सेक्रेटरी खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे बगळाच! मी काय सांगितलंतं?" हलगीवाल्याला वाटलं झालं अनावरण, त्यानं पलीकडं हलगी सुरू केली, ती थांबवता थांबवता पाच मिनिटं गेली. दातांचे डॉक्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, तुमचा तुम्ही खोडा. आमचा आम्ही बघितलाय."

अकरा मित्रांनी गॉगल काढले आणि माझ्याकडं बघत बसले. डंपरवाल्याचं तोंड लालबुंद झालं होतं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, मग ह्यो पक्षी कुठला?"

"इथलाच. त्या बाभळीवर जन्मलेला."

"आणि आईबाप?"

"तेही इथलेच. वर झोपलेत बघ."

त्यानं बाभळीकडं बराच वेळ बघितलं. मग माईक परत घेतला. "सेक्रेटरीसायेब, पावणं आलं तर चार दिवस ठेवून घेतोय की आपण. आणि ह्यो तर गल्लीतला निघाला. गल्लीतल्याचं घर मोडून तुमी त्यावर लग्नं लावणार व्हय?"

पुढचा दीड तास त्यावर खडाजंगी झाली. पक्षी कॉलनीचा रहिवासी धरायचा की नाही, यावर दोन वकील भांडले. एका काकांनी, मग तो पार्किंगचा नियम पाळणार का, असंही विचारलं. शेवटी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. आमच्या कॉलनीत पुढच्या बैठकीवर गेलेले विषय सहसा परत येत नाहीत, पण सेक्रेटरी चिवट आहेत, त्यामुळं भरवसा नाही. अजून तरी डंपर आलेले नाहीत.

मांडव रिकामा झाला, फलक झाकलेलाच राहिला आणि मी कट्ट्यावर बसले होते. डंपरवाला आला. या खेपेला हात बांधले नव्हते.

"बाई, वही दावा."

मी वही दिली. त्यानं त्या दिवसाचं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. पांढरे ठिपके, थेंबांसारखे. मग खालची ओळ. मग पुन्हा वरची.

"तुमी दिसलेलं बराबर लिवलंतं की. मग खाली पुस्तकातलं कशाला लिवलं?"

मी खूप कारणं सांगू शकले असते. धुकं होतं, पक्षी आत गेला होता. पण त्याच्यासमोर ती येईनात. "खण भरणार होते," मी म्हणाले, "आणि मला ती पाहिजे होती."

त्यानं खिशातलं पेन काढलं आणि त्या पानाच्या कोपऱ्यात एक शून्य काढलं, चांगलं गोल, मोठं. "उद्या परत बगा. दिसतंय ते लिवा," म्हणाला आणि गाडी चालू करून निघून गेला. मी तिथं बसून रडले. शून्य मिळाल्यावर काय वाटतं ते मला साठीत कळलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गेले तर तो आधीच कट्ट्यावर बसलेला. आम्ही दोघांनी पाऊण तास बघितलं, दुर्बीण आळीपाळीनं. मी लिहिलं : 'रातबगळ्याचं पिल्लू, एक, हजर. तपकिरी. पंखांवर पांढरे ठिपके. मिशी नाही. टिबुकल्या दोन, हजर. खंड्या उशिरा. पाणकोंबड्या दोन, हजर.' वही त्याच्या हातात दिली. त्यानं दुर्बिणीतनं एकेक ताडून बघितलं, मागची पानं चाळली आणि खाली आठ लिहिले.

मला झोंबलं. "दोन कशाचे कापलेस?"

त्यानं पंधरा दिवसांपूर्वीचं पान माझ्यासमोर धरलं. "हितं पाणकोंबड्या चार हुत्या, बाई. दोन आपल्या गर्दीनं पळवून लावल्या. त्या आल्याबिगर धा कसं देऊ?"

तेव्हापासून मी रोज आधी पाणकोंबड्या मोजते. अजून दोनच आहेत.